असं म्हणता येत नाही

सुलक्षणा धुरीला नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण तिची बोटं काही ऐकायला तयार नव्हती. टीव्हीवर बातम्या लागल्या की उजवा अंगठा आणि तर्जनी मांडीवर रेघा ओढायला लागत. बसमध्ये पुढच्या सीटवर कुणी फोनवर बोलत असलं तरी तेच. चौतीस वर्षं ती न्यायालयात लघुलेखिका होती. शेवटची नऊ वर्षं तर घराजवळच, दिंडोशीच्या कोर्टात. मिनिटाला एकशेवीस शब्द मराठी, शंभर शब्द इंग्रजी. आता समोर साहेब नव्हते, साक्षीदार नव्हते, आणि सकाळची भांडी आवरून झाली की पुढे काय करायचं ते तिला कळत नसे. ती कपाटं लावायची, लावलेली पुन्हा उपसायची. खाली जाऊन भाजी आणायची, आणि कोथिंबीर राहिली म्हणून परत जिने उतरायची.

"अगो, वायच बस मगे," तिचा नवरा चंद्रप्रकाश म्हणायचा. तो वीज कंपनीतून निवृत्त झाला तो दुसऱ्या दिवशी खिडकीशी खुर्ची टाकून बसला आणि तिथेच रमला. त्याला तिची ही येरझार समजत नसे.

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. गेलं वर्षभर सुलक्षणाच्या डाव्या कानात शीळ वाजत होती. शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर शिटी द्यायचं थांबतच नाही, तशी. तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरी संपली, आता कान कसा का असेना, असं ती स्वतःला समजवायची.

तिचे वडील कणकवलीकडचे, लालबागच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार. गिरणी बंद पडली त्या वर्षी सुलक्षणा बारावी झाली होती. कुणीतरी सांगितलं, पोरीला स्टेनो कर, कोर्टात घेतात. परळच्या क्लासमध्ये ती दोन वर्षं गेली आणि चोविसाव्या वर्षी नोकरीला लागली. पहिल्याच वर्षी तिने एक चूक केली ती तिच्या कायम लक्षात राहिली. मालवणहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईची साक्ष होती. बाई अडखळत, मागेपुढे करत बोलली. सुलक्षणाने ते सगळं नीट, शुद्ध मराठीत बसवून टाइप केलं. तिला वाटलं, साहेब खूश होतील. साक्ष बाईला वाचून दाखवली तेव्हा ती मान हलवत म्हणाली, "ह्यां माजां बोलणां न्हय." साहेबांनी पुन्हा लिहून घ्यायला लावलं. त्या दिवशी ज्येष्ठ लघुलेखक काशीराम आंगणे यांनी तिला बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरी, तुला कळलं ते लिहू नकोस. कानावर पडलं ते लिही. माणूस मधेच थांबला तर पेन्सिलही तिथेच थांबली पाहिजे." तेव्हापासून तिच्या वहीत थांबलेल्या वाक्यापुढे एक आडवी बारीक रेघ यायची. ती खूण तिची स्वतःची होती.

अशात एका रविवारी निलेश तावडे वर आला. निलेश खालच्या मजल्यावर लहानाचा मोठा झालेला, आता मुलुंडच्या एका कॉलेजात संगणक विभागात प्राध्यापक.

"मावशी, एक काम आहे. नाही म्हणायचं नाही हं."

"आधी सांग तरी."

"आमच्याकडे परिसंवाद आहे. विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय. सगळा मराठीतून करतोय. दोन बीजभाषणं आहेत, म्हणजे मुख्य पाहुण्यांची मोठी भाषणं. ती शब्दशः उतरवून हवीत, पुस्तिकेत छापायला."

"त्याला मशीन असतं ना आता? बोललं की आपोआप उमटतं."

"असतं ना. गेल्या वर्षी तेच लावलं होतं. वाट लागली! डेटाला मराठीत आपण विदा म्हणतो. मशीनने सगळीकडे विधवा लिहिलं. विधवांचा साठा, विधवांची गोपनीयता, विधवा गोळा करण्याच्या पद्धती... छापून गेलं यार, कुणी वाचलंच नाही. प्राचार्यांनी असा झापलाय मला."

सुलक्षणा कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

"यंदाही मशीन असणार, पडद्यावर अक्षरं उमटवायला. पण सोबत माणूस हवा, अशी प्राचार्यांची अट आहे. शेवटच्या पानावर तुमचं नाव, तुमची सही. शब्दशः टिपण म्हणून."

निलेश गेल्यावर तिने ड्रॉवर उपसला, जुन्या पेन्सिली काढल्या आणि चारीच्या चारी एका बैठकीत तासल्या.

परिसंवादाच्या दिवशी ती रिक्षाने मुलुंडला पोचली तेव्हा सभागृहात खुर्च्या लागत होत्या. निलेशने तिचं टेबल मंचाच्या उजव्या अंगाला ठेवलं होतं. तिने ते डावीकडे हलवायला लावलं. "उजेड बरा आहे इथे," ती म्हणाली. खरं कारण असं की तिथून तिचा उजवा कान वक्त्याकडे येत होता.

सकाळचे वक्ते डॉ. मार्तंड रेगे. गोल चेहऱ्याचे, हसरे, आणि बोलायला लागले की सुसाट. मिनिटाला एकशेसाठ तरी शब्द. मधेच विनोद, मधेच कवितेची ओळ, मधेच स्वतःच्या सासूची गोष्ट. सुलक्षणाच्या मनगटाला कळ लागली, पण तिने त्यांना सोडलं नाही. पाऊण तास ती घामेजून लिहीत होती आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिला दुसरं काहीही सुचत नव्हतं, काहीही खुपत नव्हतं. डोक्यावरच्या पडद्यावर मशीनची अक्षरं उमटत होती. रेगे विनोद करत तिथे मशीन गोंधळत होतं आणि लोक दोनदा हसत होते, एकदा विनोदाला आणि एकदा पडद्याला.

दुपारच्या वक्त्या डॉ. मृणालिनी जयवंत. पन्नाशीच्या, सडपातळ, केस बारीक कापलेले. अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत त्या मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्यांचं बोलणं म्हणजे छापील. एकेक वाक्य पूर्ण होऊनच खाली उतरायचं. यंत्रावर माणसाने भरवसा का ठेवावा आणि कधी ठेवू नये, हा त्यांचा विषय. उदाहरण म्हणून त्यांनी स्वतःच्या चमूचंच काम सांगितलं. पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयात त्यांनी दारापाशी एक टॅब्लेट बसवला होता. रुग्णाने त्यापुढे आपली तक्रार बोलायची. यंत्र ती ऐकून टोकन देणार: लाल, पिवळं किंवा हिरवं. लाल म्हणजे लगेच आत, हिरवं म्हणजे थांबलं तरी चालेल. चार महिने चाचणी चालली होती.

"या चार महिन्यांत," मृणालिनीबाई म्हणाल्या, "एकही गंभीर रुग्ण मागे राहिला नाही..."

आणि त्या थांबल्या. माइकपासून वळल्या, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. सुलक्षणा त्यांच्यापासून दोन हातांवर बसली होती. ग्लास ओठांना लावण्याआधी त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "असं म्हणता येत नाही. तीन राहिले."

पाणी प्याल्या. ग्लास ठेवला. वळल्या, आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

सुलक्षणाच्या पेन्सिलीने ते सगळं टिपलं होतं. तिने मान वर केली. पडद्यावर ठळक अक्षरांत होतं: या चार महिन्यांत एकही गंभीर रुग्ण मागे राहिला नाही. पुढे पूर्णविराम. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह वाजवू लागलं.

तीन दिवसांत तिने दोन्ही भाषणं टाइप करून निलेशला पाठवली. रेगे सरांचा लगेच फोन आला. "बाई, माझी सासू तुम्ही हुबेहूब उतरवलीत. ती वाचेल तर मला घरात घेणार नाही!" पण निलेशचा फोन आला तेव्हा त्याचा सूर वेगळा होता.

"मावशी, मशीनचं आणि तुमचं ताडून पाहिलं. जयवंत मॅडमच्या भाषणात अकरा ठिकाणी फरक आहे. दहा ठिकाणी मशीन चुकलंय, ते दिसतंच. पण अकराव्या ठिकाणी... ते तीन राहिले वगैरे. ते कुठून आलं?"

"त्या म्हणाल्या."

"मी मागे बसलो होतो, मला नाही ऐकू आलं."

"माइकपासून तोंड फिरवून म्हणाल्या. मी जवळ होते."

"रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. 'मागे राहिला नाही' इथपर्यंत आहे, मग ग्लासचा आवाज. मॅडमना मेल केला मी. त्यांचं उत्तर आलंय. 'मी असं बोललेले नाही, यंत्राचा मजकूर बरोबर आहे.' एवढंच. काढून टाकू ना ती ओळ? एवढी मोठी टिपणं, एखादं वाक्य इकडचं तिकडे होतं, मावशी."

"दोन दिवस दे मला," ती म्हणाली.

ते दोन दिवस वाईट गेले. ती वही उघडायची, बघायची, मिटायची. खुणा स्वच्छ होत्या. हात कुठे अडला नव्हता. पण ज्या बाईने वाक्य उच्चारलं तीच नाही म्हणत असेल तर वहीतल्या रेघांना काय अर्थ? तिने स्वयंपाकघरात नळ सोडला आणि चंद्रप्रकाशला सांगितलं, बाहेरच्या खोलीतून काहीतरी बोला.

"काय बोलू?"

"काहीही. हळू बोला."

तो काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं, 'मासे आणूक व्हये.' प्रत्यक्षात तो म्हणाला होता, 'माशी बसली हा.' तिने नळ बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चंद्रप्रकाश आत आला.

"काय झाला गो?"

मग तिने त्याला सगळं सांगितलं. शीळ, वर्षभराची. मुलुंड. ग्लास. तीन.

"माका आधी सांगूक नाय," एवढंच तो म्हणाला आणि शर्ट घालून तिच्यासोबत गोरेगावला कानाच्या दवाखान्यात आला.

तपासणी करणाऱ्या मुलीचं नाव प्रांजल. तिने सुलक्षणाला एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. सुलक्षणाला कोर्टात इतकी वर्षं कधी भीती वाटली नव्हती तेवढी त्या खोलीत वाटली. आवाज येतोय की येतोयसं वाटतंय तेच कळेना.

"डावा बराच उतरलाय, काकू," प्रांजल आलेख दाखवत म्हणाली. "उजवाही थोडा. स, श, त, थ असे बारीक आवाज तुमचे निसटतात."

"मग मला बोलणं समजतं कसं?"

"डोकं भरून काढतं ना. अर्धा शब्द कानावर आला की उरलेला आपणच लावतो. आपल्याला पत्ताही लागत नाही."

घरी येईपर्यंत 'तीन' मधला 'त' सुलक्षणाच्या डोक्यात फिरत होता. तिने तो ऐकला होता की लावला होता? आणि तोच लावला असेल तर बाकी चौतीस वर्षांत काय काय लावलं असेल? किती साक्षी, किती माणसं. ती गॅलरीत गेली, आत आली, पुन्हा गॅलरीत गेली. समोरच्या मैदानात मुलं ओरडत होती. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि आवाज येत होता, पण शब्द येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वही पिशवीत टाकली.

"खंय चललंस?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"अंधेरीला. त्या बाईंना विचारून येते."

"आणि ती नाय म्हणाली तर?"

"तर माझा कान गेला. तेवढं तरी नक्की कळेल."

अंधेरीला एमआयडीसीतल्या त्या इमारतीत तिला दीड तास बसवून ठेवलं. शेवटी मृणालिनीबाई स्वतःच बाहेर आल्या. त्यांनी तिला ओळखलं. एका छोट्या खोलीत नेलं, पाणी दिलं, दार लावून घेतलं.

"मी निलेशना कळवलंय," त्या सौम्यपणे म्हणाल्या. "तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटतं. पण एवढ्यासाठी यायची गरज नव्हती."

सुलक्षणाने वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. लघुलिपी मृणालिनीबाईंना वाचता येणार नव्हती, तरी त्यांनी त्या रेघांवरून नजर फिरवली.

"ही खूण आहे ना, ही आडवी रेघ," सुलक्षणाने बोट ठेवलं. "इथे तुम्ही थांबलात. मग वळलात. मग हे. असं म्हणता येत नाही, तीन राहिले. मला एवढंच विचारायचंय बाई, तुम्ही हे म्हणालात की नाही? पुस्तकात छापायचं की नाही ते मला विचारायचं नाहीय."

"मंचावर पाणी पिताना माणूस स्वतःशी जे पुटपुटतो, ते भाषण असतं का?"

"ते मला माहीत नाही. म्हणालात का?"

मृणालिनीबाई खुर्चीत मागे टेकल्या. काचेबाहेर कुणीतरी त्यांना हात केला, त्यांचं लक्ष नव्हतं.

"म्हणाले," त्या म्हणाल्या.

सुलक्षणाने समोरचं पाणी घटाघट प्यायलं.

"झालं तर मग," मृणालिनीबाई म्हणाल्या. आवाजात आता धार आली होती. "तुमचा कान ठीक आहे. एवढंच हवं होतं ना तुम्हाला?"

"कान ठीक नाही. कालच तपासला. डावा जवळजवळ गेलाय."

"तरीही तुम्ही आलात?"

"म्हणूनच आले. खात्री असती तर घरीच बसले असते."

मग, सुलक्षणाने विचारलं नसतानाही, त्या सांगायला लागल्या. चार महिन्यांत तीन माणसांना यंत्राने हिरवं टोकन दिलं होतं आणि तिघंही गंभीर होती. दोघं वाचली. एक म्हातारे गृहस्थ आठवड्याने गेले. "उशीर झाला म्हणून गेले असं कुणी म्हणत नाही. तसं नव्हतं असंही कुणी म्हणत नाही." चमूच्या बैठकीत ठरलं, या तीन नोंदींत वेळा नीट लिहिलेल्या नाहीत, त्या हिशेबात धरू नयेत. नोंदीतली चूक म्हणून त्या बाजूला काढल्या. "आणि मी हो म्हटलं. वेळा खरंच नीट लिहिलेल्या नव्हत्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी तो निष्कर्ष चार ठिकाणी बोलले, कधी अडले नाही. मुलुंडला का अडले कोण जाणे."

सुलक्षणाने वही मिटली.

"काय छापायचं ते तुम्ही आणि निलेश ठरवा, बाई. पण अर्धं छापलंत तर खाली माझी सही येणार नाही. शब्दशः म्हणून तर नाहीच."

त्या संध्याकाळी निलेशचा फोन आला आणि तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "तुम्ही थेट त्यांच्याकडे गेलात, मावशी? मला न विचारता? त्यांनी पुस्तिका थांबवायला सांगितलीय. आमचं मुख्य भाषण आहे ते! प्राचार्यांना काय सांगू मी? आमच्या बाईंना संशय आला म्हणून?"

"मला विचारायचं होतं ते विचारून आले, निलेश."

"हो, तुमचं झालं. माझं काय?"

पुढचे पंधरा दिवस तो खाली आईकडे दोनदा आला आणि वर चढला नाही. त्याच्या स्कूटरचा आवाज सुलक्षणाला ओळखू यायचा, तेवढा कान शिल्लक होता. ती दार उघडून जिन्यापाशी उभी राहायची आणि पुन्हा आत यायची. आपण बरोबर ऐकलं होतं हा आनंद तिला एक दिवससुद्धा पुरला नव्हता. आता ते तिघं तिच्या घरात येऊन राहिले होते. कोण असतील? त्यांच्या घरच्यांना माहीत असेल का? भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मधेच तिचा हात थांबायचा. कानात बसवायचं यंत्र आणलं होतं. ते लावलं की पंख्याची घरघर, पिशवीचा चुरचुराट, चंद्रप्रकाशचं चहा पिणं, सगळं अंगावर यायचं. ती ते काढून ठेवायची, तासाने पुन्हा लावायची.

सोळाव्या दिवशी निलेश आला. हातात कागदांचा गठ्ठा. दारातच उभा राहिला.

"मॅडमनी मजकूर पाठवलाय. बघता का?"

तिने चष्मा लावला. पानाच्या मध्यावर ते वाक्य होतं, पूर्ण. या चार महिन्यांत एकही गंभीर रुग्ण मागे राहिला नाही, असं म्हणता येत नाही. तीन राहिले. त्याखाली मृणालिनीबाईंनी वेगळ्या टिपेत लिहिलं होतं की हे त्या माइकवर बोलल्या नव्हत्या, बोलायला हवं होतं. आणि वगळलेल्या तीन नोंदी हिशेबात परत घेऊन अभ्यास नव्याने तपासायला दिला आहे.

"संस्थेत त्यांच्याशी कुणी धड बोलत नाहीय म्हणे," निलेश म्हणाला. "रुग्णालयानेही टॅब्लेट तूर्त बंद केलाय." मग खाली बघत पुटपुटला, "मी जरा जास्तच बोललो तेव्हा, मावशी."

"बोललास. बस आता, चहा टाकते." तिने आधी सही केली, मग चहा टाकला.

दोन दिवसांनी मृणालिनीबाईंचा फोन आला.

"शनिवारी मोकळ्या आहात? त्या तिघांच्या घरी जायचं ठरवलंय. रुग्णालयाने तिन्ही घरी विचारलं, ते या म्हणाले."

"काही लिहून घ्यायचंय?"

"नाही. नुसत्या या. एकटीने जायचं धाडस होत नाहीय."

शनिवारी सकाळी दोघी भांडुपला टेकडीवरच्या एका चाळीत पोचल्या. वाचलेल्या दोघांपैकी एक, माणिक नावाची ही बाई चौतीस-पस्तिसाची होती. घरातच शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले ब्लाउज. तिने त्यांना पलंगावर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. उठताबसताना पोटावर हात धरायची तिला अजून सवय राहिली होती.

मृणालिनीबाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांची छापील वाक्यं त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. टॅब्लेटपुढे तुम्ही बोललात, पोटात थोडं दुखतंय. यंत्राने तो 'थोडं' शब्द धरला. म्हणून हिरवं टोकन. तुम्ही तीन तास बसून होतात. अपेंडिक्स आतच फुटलं. हे यंत्र आम्ही बनवलं होतं. ही तुमची नोंद आम्ही आधी वगळली होती.

माणिक ऐकत होती. मधेच तिने विचारलं, "म्हणजे नंबर मशीन लावत होतं?"

"हो."

"मला वाटलं, त्या दिवशी गर्दी होती."

बाहेर नळावर बादल्या लागल्या होत्या.

"माझ्या आधी किती जण आत गेले?" तिने विचारलं.

"एकोणीस."

माणिकने मान हलवली. ती आठवत होती. "एक खोकणारे आजोबा होते. एक बाळ रडत होतं. एका मुलीचा पाय मुरगळला होता. तिचा नंबर माझ्यानंतर लागायचा होता, पण ती इतकी रडत होती. मीच म्हटलं तिला, जा गं, मी थांबते." ती किंचित हसली. "आमच्यात सवय नाही हो, खूप दुखतंय म्हणायची. थोडंच म्हणतात."

मृणालिनीबाई हातातला रुमाल घडी घालत होत्या, उलगडत होत्या.

"आता ते मशीन सुधारलं का?" माणिकने विचारलं.

"नाही. बंद ठेवलंय. सुधारता येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही."

"सांगता येत नाही तर नका सांगू," माणिक म्हणाली. रागाने म्हणाली की समजुतीने, ते सुलक्षणाला कळलं नाही. मग ती उठली, पोटावर हात धरून, आणि चहाचं आधण ठेवायला गेली. दोघींनी नको म्हटलं नाही.

चाळ उतरून त्या रिक्षा स्टँडवर आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. दुसरं घर घाटकोपरला होतं, जे गृहस्थ गेले त्यांच्या मुलाचं. मृणालिनीबाई रिक्षावाल्याला पत्ता सांगायच्या ऐवजी नुसत्या उभ्या राहिल्या.

"उद्या करू या का ते?" त्या म्हणाल्या. "त्यांना फोन करून सांगते."

सुलक्षणाने कानातलं यंत्र नीट बसवलं. रस्त्याचा सगळा गोंगाट एकदम आत आला, तिने डोळे बारीक केले.

"ते वाट बघत असतील, बाई. चला," ती म्हणाली, आणि आधी आत चढून बसली.